ग्रास म्हणजे गवत. पण गवत म्हणजे काय?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. वरच्या वर्गांत इंग्रजीचा तास चालू होता. उताऱ्यांत एका म्हाताऱ्या घोड्याची हकीकत आली होती. जन्मभर गाडी ओढून थकलेल्या त्या घोड्यास त्याच्या धन्यानें अखेरीस ‘ग्रासवर सोडलें’, अशा अर्थाचे शब्द तेथें होते. एका विद्यार्थ्यानें उभें राहून भाषांतर केलें, “धन्यानें घोड्यास गवतांत टाकून दिलें.” वर्ग हंसला. परंतु हंसणाऱ्यांपैकीं दोघांतिघांस बरोबर अर्थ विचारला, तेव्हां त्यांनाही तो सांगतां येईना. मग ‘ग्रास’ राहूं द्या बाजूला, निदान ‘गवत’ म्हणजे काय तें तरी सांगा, असें आम्ही म्हटलें. एक म्हणाला, जनावरांचें खाणें. दुसरा म्हणाला, पिकांतला कचरा. तिसऱ्यानें दूर्वांचें नांव घेतलें. चौथ्यानें खिडकीबाहेर बोट दाखविलें आणि म्हटलें, मैदानावर उगवलें आहे तें. चारही उत्तरें खरीं होतीं, आणि एकही पुरें नव्हतें. त्या दिवशीं तास संपला, पण प्रश्न संपला नाहीं. म्हणून त्याचा थोडासा विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम इंग्रजी शब्दाचें कूळ पाहूं. ‘ग्रास’ हा फार जुना शब्द आहे. वाढणें या अर्थाचा ‘ग्रो’ आणि हिरवा या अर्थाचा ‘ग्रीन’ हे दोन शब्द त्याचे सख्खे भाऊ होत. तिघांचें मूळ एकच. जें हिरवें असतें आणि वाढत जातें तें ग्रास, असा त्या नांवाचा मूळ भाव आहे.

हा शब्द कानीं पडला म्हणजे मराठी मुलास आपला ‘ग्रास’ आठवतो. गाईसाठीं जेवणापूर्वीं काढून ठेवतात तो गोग्रास. ग्रहणांत चंद्राचा जेवढा भाग झांकला जातो तोही ग्रास. पण हा आपला शब्द संस्कृत ‘ग्रस्’ म्हणजे गिळणें या धातूपासून झाला आहे. इंग्रजी शब्दाशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. दोन अनोळखी माणसांचे चेहरे सारखे असावे तसा हा प्रकार आहे. ‘घास’ शब्दाचीही तीच कथा. ‘घस्’ म्हणजे खाणें, त्यापासून घास. हिंदींत त्याचा अर्थ गवत असा राहिला. मराठींत तो माणसाच्या ताटांत येऊन तोंडांत मावेल तेवढ्या अन्नास लागला. तरी आपल्याकडे जनावरांसाठीं लावतात त्या ‘लसूणघासांत’ जुना अर्थ अजून जिवंत आहे. तेव्हां विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: शब्द सारखे ऐकूं आले म्हणजे ते एका घरचे असतातच असें नाहीं. मात्र दोहोंमधील फरक मौजेचा आहे. इंग्रजी शब्द गवत उगवतें हें सांगतो. आपला शब्द तें कोणी तरी खातो हें सांगतो.

हे दोन शब्द हिंदुस्थानांत एकदां एकमेकांत मिसळलेही. इंग्रजी अमदानींत प्रत्येक साहेबाच्या घोड्यामागें दोन माणसें असत. एक मोतद्दार आणि दुसरा रोज रानांतून गवत आणणारा. या दुसऱ्यास इंग्रज लोक ‘ग्रास-कटर’ म्हणत. यूल व बर्नेल यांनीं १८८६ सालीं ‘हॉब्सन-जॉब्सन’ नांवाचा कोश प्रसिद्ध केला. हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या बोलींत शिरलेले देशी शब्द त्यांत दिले आहेत. या कोशकारांचें मत असें कीं, ग्रास-कटर हें मूळचें इंग्रजी नांव नसून ‘घासकाटा’ या हिंदुस्थानी शब्दाचें साहेबी रूप असावें. साहेबास वाटलें आपण आपलीच भाषा बोलतों. नोकरास वाटलें तो आपली बोलतो. आणि घोड्याचें पोट दोघांच्या समजुतीनें भरलें!

आतां इंग्रजींत या शब्दाचे अर्थ किती फांकले तें पाहूं. शेतकऱ्याच्या तोंडीं ग्रास म्हणजे कुरण. म्हणून घोड्यास ‘ग्रासवर सोडणें’ म्हणजे त्यास कामांतून मोकळें करून कुरणांत चरावयास सोडणें. पुढें हाच प्रयोग माणसांसही लागला. सेवानिवृत्त झालेल्या मनुष्याबद्दल थट्टेनें तसें म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यानें ज्यास शिक्षा मानलें ती त्या घोड्यास मिळालेली विश्रांति होती. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल नांवाचा प्रांत आहे. तेथें पूर्वीं कथलाच्या व तांब्याच्या खोल खाणी होत्या. त्या खाणींतील मजूर जमिनीच्या पृष्ठभागासच ग्रास म्हणत. दिवसभर अंधारांत राबणाऱ्या माणसास वर येणें म्हणजे गवतावर येणें होतें. टेनिस खेळणाऱ्यांच्या भाषेंत ग्रास म्हणजे खेळाचें हिरवें मैदान; विंबल्डनची प्रसिद्ध स्पर्धा १८७७ पासून गवतावरच खेळली जात आहे. हिंदुस्थानांतील गोरे अधिकारी उन्हाळ्यांत बायकांस थंड हवेच्या डोंगरांवर पाठवीत आणि आपण खालीं कचेरींत राहत. नवरा जिवंत असून अशा एकट्या राहणाऱ्या बाईस ‘गवती विधवा’ म्हणण्याची चाल त्यांच्यांत पडली होती. शब्द त्याहून जुना आहे, पण हा अर्थ त्यास हिंदुस्थानच्या उन्हानें चिकटविला. अमेरिकेंतील राजकारणी लोकांनीं ‘गवताचीं मुळें’ म्हणजे सामान्य जनता असा प्रयोग रूढ केला. आपण त्याच अर्थीं ‘तळागाळांतील लोक’ म्हणतों. उलट लंडनच्या गल्लीबोळांत ग्रास म्हणजे पोलिसांस चोरून बातमी देणारा. कांहीं जण हा अर्थ गवतांत दडलेल्या सापावरून आला असें मानतात, आणि ती सापाची उपमा लॅटिन कवि व्हर्जिल याच्या काळापासून चालत आलेली आहे. गांजासारख्या मादक पदार्थासही इंग्रजी बाजारी बोलींत हेंच नांव आहे.

एवढे अर्थ पाहून विद्यार्थी घाबरेल. परंतु हे सर्व पाठ करण्याचें कारण नाहीं. बोलणारा कोठें उभा आहे तें पाहिलें कीं अर्थ आपोआप सांपडतो. शेतकरी कुरणांत उभा आहे, मजूर खाणीच्या तोंडाशीं, खेळाडू मैदानावर. गवत सर्वांच्या पायांखालीं एकच आहे. ज्याचें त्याच्याशीं जसें काम, तसा त्याचा अर्थ.

आपल्या भाषेंतही असेंच घडलें आहे, पण संवयीमुळें तें आपल्या लक्षांत येत नाहीं. रानांत उभें असतें तोंवर तें गवत. कापून भारा बांधून गोठ्यांत आणलें कीं तीच वैरण झाली. पिकांत उगवलें तर तें तण. पूजेच्या पात्रांत ठेवलें तर दूर्वा किंवा दर्भ. ग्रंथांत शिरलें कीं तें तृण. शरण जाणारा मनुष्य ‘दांतीं तृण धरतो’, म्हणजे मी गाय आहें, मला मारूं नका, असें न बोलतां सांगतो. ज्यास आपण कस्पटासमान लेखतों त्यास ‘तृणवत्’ मानतों. गवताची एक काडी घ्या. ‘काडीची किंमत नाहीं’ म्हणतांना ती सर्वांत हलकी वस्तु ठरते. आणि ‘काडीमोड’ म्हणतांना तीच काडी संसार मोडल्याची खूण ठरते, कारण पूर्वीं कित्येक जातींत पंचांसमोर काडी मोडून नवराबायको वेगळीं होत. बुडत्यास आधार मिळतो तोही काडीचाच!

कांहीं शब्दांत तर गवत इतकें मुरलें आहे कीं तें ओळखूंही येत नाहीं. बुद्धिमान् मुलास आपण ‘कुशाग्र बुद्धीचा’ म्हणतों. कुश म्हणजे एक प्रकारचें दर्भासारखें गवत. त्याचें अग्र हात कापील इतकें तीक्ष्ण असतें. ‘कुशल’ या शब्दाची परंपरेनें दिलेली व्युत्पत्ति अशी कीं, हात न कापतां जो कुश खुडून आणतो तो कुशल. म्हणजे कौशल्य या मोठ्या शब्दाचा उगम एका लहानशा, सावधपणें केलेल्या हातकामांत आहे. मुलाची मुंज आपण सर्वांनीं पाहिली आहे. मुंज हें एका उंच गवताचें नांव. त्या गवताची मेखला बटूच्या कमरेस बांधीत, म्हणून संस्काराचें नांव मौंजीबंधन. गवत विसरलें, संस्कार राहिला.

एकाच वनस्पतीस किती निरनिराळे अर्थ येतात याचें आमच्या दारांतलें उत्तम उदाहरण म्हणजे हरळी. गणपतीस एकवीस दूर्वांची जुडी वाहतात ती हीच. मैदानावर पाय सुखावणारी हिरवळ हीच. ग्रास-कटर लोक खुरप्यानें मुळासकट खरडून, धुवून घोड्यापुढें टाकीत तीही हीच. आणि ज्याच्या कपाशींत ती शिरली त्या शेतकऱ्यास विचारा. तो कपाळास हात लावील. वनस्पति तीच, माती तीच. सकाळीं जी मोठ्या आदरानें खुडली जाते, तीच दुपारीं बांधावर उपटून फेकली जाते. यांत लबाडी कोणाचीही नाहीं. देवघराचें काम निराळें आणि वावराचें काम निराळें.

हरळी मरत नाहीं याचें कारण तिच्या देहाच्या रचनेंत आहे. तिचें खोड जमिनीवर सरपटतें आणि पेर जेथें मातीस टेकतें तेथें मूळ फुटतें. शिवाय जमिनीच्या पोटांतही तिचे दांडे पसरतात. वखरानें तिचे तुकडे केले तर प्रत्येक पेराचें नवें रोप होण्याचा संभव. अमरकोशांत दूर्वेस ‘शतपर्विका’ म्हणजे शंभर पेरांची, आणि ‘अनंता’ म्हणजे जिला अंत नाहीं ती, अशीं नांवें आहेत. कोशकारानें जें दोन नांवांत सांगितलें तेंच आमचा शेतकरी एका शिवींत सांगतो!

येथें एक तुलना करण्याजोगी आहे. बायबलांत यशयाच्या ग्रंथांत व स्तोत्रसंहितेंत मनुष्याच्या क्षणभंगुर आयुष्यास गवताची उपमा दिलेली आहे. आमच्याकडे दूर्वा ही चिवटपणाची व वंशवृद्धीची खूण मानतात. मग खरें कोणतें? दोन्ही खरीं. पॅलेस्टाईनमध्यें पाऊस हिवाळ्यांत पडतो, वसंतऋतूंत टेकड्या हिरव्यागार होतात, आणि वाळवंटावरून उष्ण वारा सुटला कीं थोड्याच दिवसांत तें सारें करपून जातें. आपल्याकडे वैशाखांत हरळी वाळलेली दिसते, पण तिचीं मुळें जिवंत असतात. मृगाचा पहिला पाऊस पडला कीं चार दिवसांत बांध पुन्हां हिरवा. ज्या कवीनें जें गवत पाहिलें, त्याचाच अर्थ त्यानें लिहिला. दुसऱ्या देशाचें काव्य वाचतांना त्या देशाचा पाऊसही समजून घ्यावा लागतो तो यासाठीं.

आतां शास्त्रज्ञांचा अर्थ. वनस्पतिशास्त्रांत गवत म्हणजे एक मोठें कूळ असून त्यांत जगभर मिळून सुमारें ११ ते १२ हजार जाति आहेत. खोडास पेरें असणें, बहुधा दोन पेरांमधील भाग पोकळ असणें, लांब अरुंद पान, त्याची खालची बाजू म्यानाप्रमाणें खोडास गुंडाळलेली, आणि वाऱ्यावर पराग उधळणारीं बारीक फुलें, या त्यांच्या खुणा. या खुणा घेऊन शेतांत गेलांत तर आश्चर्य वाटेल. ज्वारी गवत आहे, गहूं गवत आहे, मका, भात, बाजरी हीं सारीं गवतें. ऊंस हें गोड गवत, वेळू हें लांकडासारखें झालेलें गवत. जगांतील माणसांच्या अन्नाचा फार मोठा भाग गहूं, तांदूळ आणि मका या तीन गवतांवर चालतो. तेव्हां गवत हें जनावरांचें खाणें असें ज्या विद्यार्थ्यानें सांगितलें, त्यानें स्वतःच्या डब्यांतील भाकरी विसरूं नये.

ज्वारीच्या एकाच ताटांत तीन अर्थ आहेत. कणीस माणसाचें, कडबा बैलाचा. आणि पावसानें ओढ दिल्यामुळें खुरटलेली कोवळी ज्वारी जनावरानें पोटभर खाल्ली तर तींत तयार होणाऱ्या विषानें तें दगावतेंही. जाणता गुराखी म्हणून अशा वावराजवळ गुरें जाऊं देत नाहीं.

उलट कित्येकांस आपण गवत म्हणतों तीं गवतें नव्हेत. लव्हाळा दिसावयास गवतासारखाच. परंतु त्याची फुलाची दांडी दोन बोटांत फिरवून पहा, तीन कडा हातास लागतील. गवताची दांडी गोल असते, लव्हाळ्याची तिधारी. तो निराळ्या कुळांतला आहे. त्याच्या मुळाशीं काळसर गांठी असतात, त्यांतून तो पुन्हां पुन्हां उगवतो. दुसरें उदाहरण गाजरगवताचें. त्याचें पान गाजरासारखें, फूल पांढरें, आणि कूळ सूर्यफुलाचें. तें मूळचें अमेरिका खंडांतलें. १९५५ च्या सुमारास पुण्यांत त्याची नोंद झाली आणि तेथून तें देशभर रस्त्यांच्या कडेनें, पडीक जमिनींतून पसरलें. त्याच्या स्पर्शानें पुष्कळांच्या अंगास खाज सुटते व कातडी चिघळते. जनावरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. ज्यास गाय खात नाहीं त्यासही आपण गवत म्हणून मोकळे झालों! येथें नांव ठेवणाऱ्यानें केवळ तें कोठें उगवतें हें पाहिलें; तें काय आहे हें पाहिलें नाहीं.

गवत वरून खाल्लें तरी पुन्हां कां वाढतें, हा प्रश्न गुराख्याच्या मुलास कधीं तरी पडलाच असेल. झाडाचा शेंडा खुडला कीं त्या डहाळीची वाढ तेथेंच थांबते, कारण वाढीचें ठिकाण टोंकास असतें. गवताचें पान बुडाकडून वाढतें, आणि खोडाचा नवा फुटवा जमिनीलगत असतो. गाय वरचा भाग तोडून नेते. वाढीचें बूड शिल्लक राहतें. गवताचा व चरणाऱ्या जनावराचा हा जणूं जुना करारच आहे. परंतु त्या करारास मर्यादा आहे. उगवलेलें पान पुरतें वाढण्यापूर्वींच पुन्हां पुन्हां कुरतडलें गेलें, तर मुळांत सांठविलेलें अन्न संपतें आणि तें गवत मरतें.

ही मर्यादा ओलांडल्यास काय होतें तें आमच्या बुलढाणें जिल्ह्यांत डोळ्यांनीं पाहतां येतें. आपल्या जिल्ह्याचे लोक ‘घाटावर’ आणि ‘घाटाखालीं’ असे दोन भाग करतात. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी जमीन. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या बाजूस अजिंठ्याच्या रांगेचें पठार. आणि अगदीं उत्तरेस जळगांव-जामोद व संग्रामपूरपलीकडे सातपुडा. या टेकड्यांच्या उतारांवर मारवेल, शेडा, पवना अशीं बारमाही गवतें होत असतात. गुरें तीं आवडीनें खातात. चराई बेताची असली तर हीं टिकतात. चराई वाढली कीं आवडीचीं गवतें आधीं जातात आणि त्यांच्या जागीं कुसळी येते. कुसळीच्या बियेस अणकुचीदार टोंक व लांब केंस असतो. तो केंस ओला झाला कीं एका बाजूस व वाळला कीं दुसऱ्या बाजूस पीळ घेतो, आणि त्या पिळानें बीं स्क्रूसारखें मातींत शिरतें. मातीऐवजीं मेंढीची लोंकर किंवा आपलें धोतर सांपडलें तरी तें तितक्याच इमानानें आंत शिरतें! कुसळी कोंवळी असतांना गुरें खातात, पण कुसळें धरल्यावर नाहीं. आणखी चराई झाली कीं कुसळीही जाते व केवळ पावसाळी बारीक गवत राहतें. शेवटीं मुरूम उघडा पडतो. टेकडीकडे पाहून ती कोणत्या पायरीवर आहे हें सांगणें शक्य आहे. मात्र त्यासाठीं हीं नांवें ठाऊक असावीं लागतात. ज्यास सर्व ‘गवतच’ दिसतें, त्यास टेकडी मरेपर्यंत ती हिरवीच दिसत राहते.

काळ्या जमिनींतलें अशाच ओळखीचें नांव म्हणजे कुंदा. त्याचे दांडे जमिनींत हातभर खोल जातात. वखर वरून फिरला तर तो हंसतो. पूर्वीं कुंद्याचें वावर म्हटलें कीं उन्हाळ्यांत माणसें लावून कुदळीनें तें खणून काढीत, आणि मजुरी न परवडली तर वावर तसेंच सोडून देण्याची पाळी येई. हरळी, लव्हाळा व कुंदा हीं तिन्ही तणेंच. पण तिघांवरचा इलाज निराळा. नांव निराळें ठेवण्यांत शेतकऱ्याचा हाच हेतु होता.

आणखी एक गवत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या वऱ्हाडांत, तसेंच खानदेशांत व निमाडांत, डोंगरउतारांवर रोशा किंवा तिखाडी नांवाचें सुगंधी गवत होतें. पान चुरगाळलें कीं गुलाबासारखा वास हातास लागतो. दिवाळीच्या आगेमागें तें फुलावर आलें कीं नाल्याच्या कांठीं भट्ट्या लागत. डेगींत गवत व पाणी घालून खालीं जाळ करावा, वाफ वेळूच्या नळीनें थंड पाण्यांत ठेवलेल्या भांड्यांत न्यावी, आणि तेथें पाण्यावर तरंगणारें तेल काढून घ्यावें, अशी ती कृति. उघड्या, कोरड्या उतारावरच्या मोतिया जातीचें तेल उत्तम, आणि दाट ओलसर रानांतल्या सोफिया जातीचें कमी प्रतीचें. हें तेल मुंबईहून तुर्कस्तानाकडे जाई व तेथें गुलाबाच्या महाग अत्तरांत मिसळलें जाई. म्हणून युरोपांतील व्यापाऱ्यांत त्यास तुर्की नांव पडलें होतें. वऱ्हाडाच्या गवतानें परदेशीं जाऊन गुलाबाचें सोंग घेतलें! आजही साबण व सुगंधी द्रव्यें यांत हें तेल वापरतात. या गवताच्या शास्त्रीय नांवांत मार्टिन हें नांव गुंफलेलें आहे. टिपू सुलतानाशीं १७९० ते १७९२ या काळांत जी लढाई झाली, तिच्यांत जनरल क्लॉड मार्टिन यांनीं दक्षिणच्या पठारावर गुरें हें गवत हावरेपणानें खातात असें पाहिलें, त्याचें बीं जमविलें आणि लखनौस नेऊन पेरलें. लखनौ व कलकत्ता येथील ला मार्टिनियर शाळा त्यांच्याच मृत्युपत्रांतील देणगींतून निघाल्या. हजारों शिपाई त्याच गवतावरून चालत गेले असतील. खालीं वांकून पाहणारा एक निघाला.

आमच्या म्हणण्याचा रोख आतां वाचकांच्या ध्यानांत आला असेल. शब्द जाणें म्हणजे केवळ कोशाचें एक पान फाटणें नव्हे. निंदणीस जाणाऱ्या बायांस वावरांतल्या प्रत्येक तणाचें नांव ठाऊक असे. कोणतें उपटून बांधावर टाकावें, कोणतें गाईस न्यावें, कोणत्याची भाजी होते, हें त्या बोलतां बोलतां मुलींस शिकवीत. आतां तणनाशकाच्या बाटलीवर दोनच नांवें असतात: रुंद पानांचें तण आणि अरुंद पानांचें तण. औषधापुरती ती वांटणी बरोबर आहे, आणि मजुरी महाग झालेल्या शेतकऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. परंतु मुलाच्या डोक्यांतही तेवढींच दोन नांवें उरलीं, तर आजीची सारी विद्या एका पिढींत बुडेल. गेल्या कांहीं दशकांत आपल्या जिल्ह्यांत ज्वारीची जागा पुष्कळ ठिकाणीं सोयाबीननें घेतली. ज्वारीबरोबर कडबाही कमी झाला. अशा वेळीं बांधावरचें आणि टेकडीवरचें गवत पूर्वींपेक्षां अधिक मोलाचें झालें आहे; आणि नेमक्या त्याच वेळीं आपण त्यास कचरा म्हणूं लागलों आहों.

‘पडीक’ हा शब्दही असाच तपासून पाहण्यासारखा आहे. ज्या जमिनींत नांगर चालत नाहीं ती पडीक, असा सरकारी व गांवकीचा हिशेब चालत आला. पण जेथें चाळीस गुरें चरतात, मुरमाची माती मुळांनीं धरून ठेवली जाते आणि पावसाचें पाणी जिरून खालच्या विहिरीस लागतें, ती जमीन पडून आहे असें कसें म्हणावें? तिला ‘पडीक’ म्हटलें कीं ती कोणाचीच नाहीं असें होतें, आणि कोणीही ती मोडतो. तिलाच ‘कुरण’ म्हटलें कीं तिला राखण लागते. १८९९-१९०० च्या आणि पुढें १९७२ च्या दुष्काळांत चाऱ्यावांचून डोळ्यांदेखत बैल गेलेले ज्यांनीं पाहिले, त्यांस या दोन शब्दांतलें अंतर कोशांत शोधावें लागलें नाहीं.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं एक लहानसें काम करावें. येत्या पावसाळ्यांत आपल्या बांधावरचीं दहा गवतें घरच्या वडीलधाऱ्या माणसांस दाखवावीं. आजीस, काकास, गुरें राखणाऱ्या दादास प्रत्येकाचें नांव, तें कोण खातो, कशाच्या उपयोगी पडतें व केव्हां त्रास देतें, हें विचारावें. एकेक काडी जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवावी आणि वहींत चिकटवून शेजारीं गांवचें नांव व महिना लिहावा. घाटावरच्या मुलाचें व घाटाखालच्या मुलाचें एकाच गवताचें नांव निराळें निघालें, तर दोन्ही लिहावीं. त्यांत कोणाचेंही चुकलें असें समजूं नये. या वह्या शाळेच्या ग्रंथालयांत ठेवण्याची व्यवस्था आम्ही करूं. पालकांस विनंति एवढीच कीं, मूल असा प्रश्न घेऊन आलें तर ‘गवत आहे, दुसरें काय’ असें म्हणून त्यास परत पाठवूं नये.

त्या दिवशीं ज्यानें घोड्यास गवतांत टाकून दिलें, तो विद्यार्थी दुसऱ्या आठवड्यांत आमच्याकडे आला. त्याच्या हातांत रुमालांत बांधलेल्या पांच निरनिराळ्या काड्या होत्या. चौघांचीं नांवें त्याच्या आजोबांनीं सांगितलीं होतीं. पांचवीचें नांव त्यांस आठवेना. लहानपणीं ठाऊक होतें, असें ते म्हणाले. ती काडी आम्ही जपून ठेविली आहे. वाचकांपैकीं कोणास ती ओळखतां आली, तर त्यांनीं शाळेंत येऊन अवश्य सांगावें.